चाचणी इथं, निकाल तिथं!

टेस्टिंगची नोकरी म्हणजे दुय्यम काम, असं तुम्हाला कुणी सांगितलंय? मग ग्रेस हॉपरची गोष्ट वाचाच. कम्पायलर आणि कोबोलसाठी जग तिला ओळखतं. पण साठी ओलांडल्यावर तिनं हाती घेतलेलं काम टेस्टिंगचंच होतं. तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टला ते आजही उपयोगी पडेल.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. दीपनगरच्या वसाहतीत, क्वार्टरच्या पुढच्या खोलीत तुम्ही लॅपटॉप उघडून बसलात. प्रोजेक्टसाठी दोनशे टेस्ट लिहून झाल्यात. एक कमांड दिली की त्या एकामागून एक आपोआप धावतात. स्क्रीनवर हिरव्या ओळींची रांग लागते, मधेच दोन लाल दिसतात. तुम्ही स्क्रीनशॉट काढता, ग्रुपवर टाकता आणि झोपता.

सकाळी कॉलेजात प्रोजेक्टचे गाइड विचारतात की त्या दोन लाल टेस्ट कुठल्या होत्या? परवाही त्याच पडल्या होत्या का? तेव्हा कोड कुठला होता? तुमच्याकडं उत्तर नसतं. टर्मिनलची खिडकी बंद झाली आणि निकाल तिच्यासोबत गेला. चाचणी झाली खरी, पण ती झाली हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. खरं सांगायचं तर आता तुम्हालाही नक्की आठवत नाही.

आता जरा खिडकीबाहेर बघा. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतायत ना? त्या आवारात पाचशे मेगावॅटचे संच चालतात. बॉयलरमधलं तापमान, वाफेचा दाब, टर्बाइनची कंपनं, सगळं मोजलं जातं ते यंत्रापाशी. पण मोजलेलं तिथंच राहत नाही. ते कंट्रोल रूममध्ये दिसतं, साठवलं जातं, पुढच्या शिफ्टच्या माणसाला वाचता येतं. इथून किती वीज ग्रिडमध्ये जातेय हे नवी मुंबईत ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातही कळतं. मोजणारा एकीकडं, बघणारा दुसरीकडं आणि दोघांना जोडणारी वायर मधे. ही वायर नसती तर हे केंद्र एक दिवस तरी नीट चाललं असतं का?

सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये हीच वायर जोडायची असते. चाचणी चालवणारी चौकट आपल्या मशीनवर असते आणि निकाल ठेवणारा सर्व्हर दुसरीकडं. ही जोडणी कशी करायची ते शेवटी बघूच. त्याआधी एका बाईला भेटा.

सात घड्याळं

९ डिसेंबर १९०६ ला न्यूयॉर्कमध्ये ग्रेस ब्रूस्टर मरे जन्माला आली. वडील विम्याच्या व्यवसायात होते, आईला गणिताची आवड होती. सात वर्षांची असताना ग्रेसला प्रश्न पडला की गजराच्या घड्याळात आत नेमकं असतं तरी काय? तिनं एक घड्याळ उघडलं. ते परत जुळेना, म्हणून ते कसं असतं हे बघायला दुसरं उघडलं. मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सातही घड्याळं खोलून झाली होती. आईनं तिचं खोलणं बंद केलं नाही. यापुढं एकाच घड्याळावर काय ते प्रयोग कर, एवढंच बजावलं.

वडिलांच्या पायांना रक्तवाहिन्यांचा आजार झाला आणि दोन्ही पाय कापावे लागले. मुलींनीही मुलाइतकंच शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळात असं म्हणणारे बाप कमीच.

आणि हो, ग्रेस नापासही झाली होती. सोळाव्या वर्षी व्हॅसार कॉलेजनं तिला प्रवेश नाकारला, कारण लॅटिनमध्ये गुण कमी पडले. एक वर्ष थांबून तिनं पुन्हा प्रयत्न केला आणि प्रवेश मिळवला. १९२८ ला गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, १९३० ला येल विद्यापीठातून एमए, १९३४ ला तिथूनच गणितात पीएचडी. १९३० मध्येच व्हिन्सेंट हॉपरशी लग्न झालं आणि ती ग्रेस हॉपर झाली. व्हॅसारमध्येच ती गणित शिकवू लागली. आयुष्य मार्गी लागलं, असं कुणीही म्हटलं असतं.

वय जास्त, वजन कमी

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. ग्रेसचे पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते. तिलाही नौदलात जायचं होतं. पण वय पस्तिशीच्या पुढं आणि वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी. शिवाय गणिताच्या प्राध्यापकांची देशाला कॉलेजातच गरज होती. तीन कारणांनी दार बंद. तिनं पाठपुरावा केला, सूट मिळवली आणि १९४३ च्या डिसेंबरात नौदलाच्या राखीव दलात दाखल झाली. प्रशिक्षणात ती तुकडीत पहिली आली.

१९४४ च्या जुलैत तिला हार्वर्डला पाठवलं. तिथं समोर उभा होता मार्क वन. सुमारे ५१ फूट लांब, ८ फूट उंच, साडेसात लाखांहून जास्त सुटे भाग असलेला गणनयंत्रांचा बाप. तो कागदी पट्टीवरच्या छिद्रांतून सूचना वाचायचा. तिचे वरिष्ठ हॉवर्ड ऐकन कडक शिस्तीचे. आल्या आल्या त्यांनी तिला कामाला जुंपलं. पुढं या यंत्राचं पाचशेहून जास्त पानांचं हस्तपुस्तकही तिच्याकडूनच लिहून घेतलं. वीज केंद्रातल्या नव्या ज्युनिअर इंजिनिअरला पहिल्याच आठवड्यात अख्ख्या संचाचं मॅन्युअल लिहायला सांगावं, तसाच हा प्रकार. पण त्यामुळं झालं काय, की यंत्र कुठं कसं चुकतं हे तिला आतून बाहेरून कळलं.

पतंग चिकटवलेलं पान

आता ती प्रसिद्ध गोष्ट. तुम्ही ती बहुतेक अर्धवट ऐकली असेल.

९ सप्टेंबर १९४७. हार्वर्डमध्ये मार्क टू हे पुढचं यंत्र चालू होतं. त्याच्या एका रिलेत पतंग सापडला. उडवायचा नव्हे, दिव्यावर येतो तो. कुणीतरी तो चिमट्यानं काढला आणि चिकटपट्टीनं नोंदवहीच्या पानावर चिकटवून शेजारी गमतीची ओळ लिहिली. बग हा शब्द यातूनच आला असं सांगतात, पण ते खरं नाही. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत एडिसनच्या काळापासूनची आहे. ती गंमत होती ती त्यामुळंच, की या खेपेला बग खरोखरचा किडा निघाला. पतंग ग्रेसनंच काढला असंही नक्की म्हणता येत नाही. तिनं ही गोष्ट आयुष्यभर रंगवून सांगितली, म्हणून ती तिच्या नावावर जमा झाली.

पण ते पान नीट बघितलं तर वेगळीच गोष्ट दिसते. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. त्यावर पतंगाच्या आधीच्या नोंदी आहेत. सकाळी साइनची तपासणी सुरू केली. दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी बेरजेच्या यंत्रणेची चाचणी सुरू केली. ३ वाजून ४५ मिनिटांनी ७० नंबरचा रिले, एफ पॅनल, पतंग. म्हणजे कुठली चाचणी, किती वाजता सुरू, काय सापडलं, नेमकं कुठल्या जागी, आणि पुरावा सोबत जोडलेला!

दोस्तहो, हा टेस्ट रिपोर्टच आहे. आज आपण पडलेल्या टेस्टला स्क्रीनशॉट जोडतो, त्यांनी पतंग जोडला. पुरावा वहीत राहिला म्हणून पाऊणशे वर्षांनंतर आपण त्यावर बोलतोय. तो झटकून टाकला असता तर दोष दुरुस्त झाला असता, पण त्याबद्दल कुणालाच काही कळलं नसतं.

पडझड आणि परत उभं राहणं

सगळं छान छान चाललं होतं, असं समजू नका. युद्ध संपलं, १९४५ मध्ये घटस्फोट झाला. व्हॅसारची प्राध्यापकी सोडून ती हार्वर्डमध्ये राहिली होती, पण तिथं बाईला कायमची जागा मिळायची चिन्हं नव्हती. १९४९ मध्ये तेही संपलं. त्या काळात ती दारूच्या आहारी गेली होती. मित्रांना काळजी वाटावी इतकी. चाळिशी उलटलेली, घर मोडलेलं, नोकरी गेलेली.

त्याच वर्षी तिनं फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली या छोट्या कंपनीत नोकरी धरली. तिथं युनिव्हॅक बनत होता. पुढच्याच वर्षी ही कंपनी रेमिंग्टन रँडनं विकत घेतली.

तिथं तिच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रोग्रॅमर एकमेकांच्या वह्यांतून कोडचे तुकडे हातानं उतरवून घेत आणि उतरवताना हमखास चुका करत. आकडा चुकायचा, पत्ता चुकायचा. मग हे उतरवायचं काम यंत्रालाच का देऊ नये? १९५२ पर्यंत तिनं ए-झिरो नावाची प्रणाली उभी केली. तपासलेले तुकडे चुंबकीय फितीवर ठेवायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, क्रमांक सांगितला की यंत्रानं तो उचलून योग्य जागी बसवायचा. तिनं याला कम्पायलर म्हटलं. आजच्या व्याख्येत ते लिंकर-लोडरच्या जास्त जवळचं आहे. पण यंत्र स्वतःसाठी प्रोग्रॅम तयार करू शकतं हे बराच काळ कुणी मानायलाच तयार नव्हतं. यंत्राचं काम आकडेमोडीचं, ते प्रोग्रॅम कसा लिहिणार, असा सगळ्यांचा सूर होता.

मग ती त्याच्याही पुढं गेली. धंद्यातल्या लोकांना समजतील अशा साध्या इंग्रजी शब्दांत सूचना लिहायच्या. हे दाखवताना तिच्या गटानं तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. वरिष्ठ चक्क घाबरले. अमेरिकन यंत्राला फ्रेंच कसं समजेल, म्हणून! यंत्राला इंग्रजीही समजत नाही, त्याला फक्त खुणा ओळखता येतात, हे पटवायला तिला काही महिने लागले. तिथून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली.

नाव एक, रूपं अनेक

१९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली. कंपन्या, सरकारी खाती आणि विद्यापीठं यांनी मिळून धंद्याच्या कामासाठी एक समाईक भाषा करायची ठरवली. ती कोबोल. ग्रेस त्या समितीची तांत्रिक सल्लागार होती. भाषेच्या पायाशी फ्लो-मॅटिकचा मोठा वाटा होता. कोबोल एकट्या ग्रेसनं लिहिली, असं अनेकदा छापून येतं. ते बरोबर नाही. भाषा समितीची, पण त्यातल्या विचारावर तिची छाप.

डिसेंबर १९६० मध्ये एक महत्त्वाची चाचणी झाली. एकच कोबोल प्रोग्रॅम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवला. आज तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण तोवर यंत्र बदललं की सगळा प्रोग्रॅम पहिल्यापासून लिहावा लागायचा.

अडचण नंतर सुरू झाली. प्रत्येक कंपनीनं आपापला कोबोल काढला. नाव तेच, पण कुणी एखादं वाक्य गाळलं, कुणी पदरचं घातलं, कुणी अर्थच बदलला. आपल्याकडं शेवभाजी जळगावात एका चवीची, धुळ्यात दुसऱ्या चवीची, आणि दोन्हीकडं खरी आमचीच म्हणतात, तसं. भाजीत चालतं हो, पण पगाराच्या हिशेबात कसं चालेल?

साठाव्या वर्षी बोलावणं

१९६६ च्या अखेरीस नौदलानं ग्रेसला निवृत्त केलं. वयाची साठी झाली होती. तिच्या लेखी तो आयुष्यातल्या सर्वांत दुःखी दिवसांपैकी एक होता. पण ऑगस्ट १९६७ मध्ये नौदलानंच तिला परत बोलावलं. सहा महिन्यांसाठी. काम काय, तर नौदलाच्या वेगवेगळ्या यंत्रांवर चाललेला कोबोलचा गोंधळ निस्तरायचा. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले!

इथं ती काय करू शकली असती? अजून एक नवी भाषा काढू शकली असती. सगळ्या कंपन्यांना पत्रं लिहून नीट वागा म्हणू शकली असती. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं टेस्ट लिहून घेतल्या.

नौदलाच्या प्रोग्रॅमिंग भाषांच्या छोट्या गटाची ती प्रमुख होती. तिच्या गटानं कोबोलमध्येच चाचणी-प्रोग्रॅमांचा संच तयार केला. १९६८ मध्ये कोबोलचं राष्ट्रीय मानक आलं होतं. त्या मानकातला एकेक नियम घ्यायचा, तो वापरणारा छोटा तुकडा लिहायचा आणि उत्तर काय यायला हवं ते आधीच ठरवून ठेवायचं. मग कंपनीचा कम्पायलर आणायचा आणि हा सगळा संच त्यावर चालवायचा. उत्तर जुळलं तर पास, नाही जुळलं तर नापास. कंपनी किती मोठी, विक्रेता किती गोड बोलतो, याचा संबंधच नाही.

ही कल्पना दीपनगरकरांना कुणी समजावायला नको. कोळशाची रेक येते तेव्हा सोबत कागद असतो, त्यावर प्रत लिहिलेली असते. पण कागदावर भरवसा ठेवून बॉयलर चालवत नाहीत. नमुना काढतात, प्रयोगशाळेत तपासतात, उष्मांक किती, राख किती ते मोजतात. विकणाऱ्याचा दावा वेगळा आणि घेणाऱ्याची तपासणी वेगळी. ग्रेसच्या गटानं सॉफ्टवेअरला हाच नियम लावला.

पुढं हा संच नौदलाबाहेर संरक्षण खात्यात आणि मग सगळ्या संघराज्य सरकारात पसरला. सत्तरच्या दशकात कोबोल कम्पायलर तपासणारी स्वतंत्र सरकारी सेवा उभी राहिली. तपासणी झालेल्या कम्पायलरची यादी जाहीर होऊ लागली. सरकारला माल विकायचा तर या चाचणीतून जावं लागणार, हे कळल्यावर कंपन्या आपोआप मानकाकडं वळल्या.

निकालाचा कागद

आता खरा मुद्दा. या संचाची १९८५ च्या मानकासाठी केलेली आवृत्ती आजही मिळते. ग्नू-कोबोल हा मुक्त स्रोत कम्पायलर बनवणारे लोक आजही तिच्यावरच आपलं काम तपासतात. त्यात नऊ हजारांहून जास्त चाचण्या आहेत. तिच्यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे प्रत्येक चाचणी-प्रोग्रॅम आपला निकाल स्वतः छापतो आणि सगळ्यांचा साचा एकच. कुठलं वैशिष्ट्य तपासलं, पास की नापास, प्रोग्रॅममधला कुठला परिच्छेद. नापास असेल तर यंत्रानं काढलेलं उत्तर आणि बरोबर उत्तर एकाखाली एक. शेवटी एकूण किती पास झाल्या, किती पडल्या, किती गाळल्या. हा कागद वाचायला चाचणी लिहिणारा माणूस शेजारी लागत नाही. हजार मैलांवरच्या माणसालाही तो वाचता येतो.

दुसरं म्हणजे जोडणी. प्रत्येक यंत्रावर फाइलचं नाव वेगळं, प्रिंटरचं नाव वेगळं. मग काय, प्रत्येक यंत्रासाठी हजारो चाचण्या बदलायच्या? नाही. चाचण्यांमध्ये अशा जागा रिकाम्या ठेवल्या आणि त्यांना क्रमांक दिले. कुठल्या क्रमांकाच्या जागी या यंत्रावर काय घालायचं, ते वेगळ्या कार्डांवर लिहिलं. एक मुख्य प्रोग्रॅम ती कार्डं वाचून चाचण्या त्या यंत्रासाठी तयार करून देतो. चाचणीला हात लावायचा नाही, फक्त कार्डं बदलायची. तुम्ही आज ज्याला कॉन्फिग फाइल म्हणता, ती हीच.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. या चाचणीत पास म्हणजे कम्पायलर निर्दोष, असा दावा त्यांनी कधी केला नाही. एवढ्या चाचण्या केल्या आणि त्यात हे दिसलं, इतकंच. रिपोर्टनं पाहिलं तेवढंच सांगायचं असतं.

आता तुमचा लॅपटॉप

चला, परत तुमच्या खोलीत. समजा तुम्ही रोबोट फ्रेमवर्क वापरताय आणि कॉलेजच्या लॅबमधल्या एका मशीनवर रिपोर्टपोर्टल हा मुक्त स्रोत सर्व्हर डॉकरवर चालू आहे. त्याला मेमरी बऱ्यापैकी लागते, म्हणून प्रत्येकाच्या लॅपटॉपवर नको, गटात मिळून एकच ठेवा. रोबोट फ्रेमवर्क मुळात निकालाची एक्सएमएल फाइल, लॉग आणि रिपोर्ट अशा फाइली तुमच्याच मशीनवर बनवतं. त्या सर्व्हरला पाठवायच्या तर मधे लिसनर लागतो. चाचणी सुरू झाली, संपली, पडली, की लिसनरला कळतं आणि तो ती खबर सर्व्हरला देतो. टेस्ट लिहिताना सर्व्हरचा विचारच करायचा नाही.

लिसनरला चार गोष्टी सांगाव्या लागतात. सर्व्हरचा पत्ता, प्रोजेक्टचं नाव, तुमची एपीआय की आणि या फेरीचं नाव. ही तुमची चार कार्डं. त्यांच्यापुरती काळजी घ्या.

पत्त्यात लोकलहोस्ट लिहाल तर फसाल. लोकलहोस्ट म्हणजे ज्या मशीनवर टेस्ट चालू आहे तेच मशीन. सर्व्हर लॅबमध्ये असेल तर लॅबच्या मशीनचा पत्ता द्या. टेस्ट डॉकरच्या डब्यात चालत असतील तर लोकलहोस्ट म्हणजे तो डबाच, हेही विसरू नका. प्रोजेक्ट आधी सर्व्हरवर तयार केलेला हवा आणि नाव तंतोतंत तेच हवं. की म्हणजे घराची किल्ली. ती कोडमध्ये लिहून गिटहबवर टाकू नका, मशीनच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. फेरीच्या नावासोबत कोडची आवृत्ती टाका, म्हणजे परवाची लाल टेस्ट कुठल्या कोडवरची होती हे शोधता येईल.

आणि सर्व्हर बंद असेल तर? हे आधीच ठरवा. रिपोर्ट गेला नाही म्हणजे टेस्ट पडली, असं होता कामा नये. टेस्टचा निकाल एक, निकाल पोचला की नाही ही दुसरी बाब. कंट्रोल रूमचा स्क्रीन बंद पडला म्हणून टर्बाइन फिरायचं थांबत नाही. म्हणून स्थानिक एक्सएमएल फाइल कायम जपा, सर्व्हर सुरू झाल्यावर ती चढवता येते. पण स्क्रीन बंद आहे हे कुणाला तरी कळलंच पाहिजे, नाहीतर सगळं हिरवं आहे या समजात आठवडा निघून जाईल. पहिल्यांदा जोडणी केली की मुद्दाम एक टेस्ट पाडून बघा. ती सर्व्हरवर लाल दिसली, तिचा स्क्रीनशॉट आणि चुकीचं-बरोबर उत्तर दिसलं, तरच वायर जोडली गेली असं समजा.

एवढं सगळं जमत नसेल, तर जेयुनिटच्या साच्यातली एक्सएमएल फाइल बनवा. ती वाचणारी साधनं भरपूर आहेत, जेन्किन्ससकट. साचा सगळ्यांचा एक असला की सर्व्हर कुठला हा प्रश्न छोटा होतो. ग्रेसच्या गटाचा निकालाचा कागद आठवला ना?

उलटं घड्याळ

ग्रेसच्या ऑफिसात भिंतीवर एक घड्याळ होतं, उलट्या दिशेनं फिरणारं. वेळ अगदी बरोबर दाखवायचं. आपण नेहमी असंच करतो, या सबबीची तिला चीड होती. लहानपणी घड्याळं उघडणाऱ्या मुलीनं म्हातारपणी ऑफिसात उलटं घड्याळ लावावं, हे तिला शोभतंच! व्याख्यानांना जाताना ती सुमारे ३० सेंटिमीटरच्या तारांचे तुकडे सोबत न्यायची आणि वाटायची. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापू शकते, हे पोरांच्या हातात द्यायला.

१९७३ मध्ये ती कॅप्टन झाली, १९८३ मध्ये कमोडोर. पुढं त्या पदाचं नाव बदललं आणि ती रिअर अ‍ॅडमिरल झाली. १४ ऑगस्ट १९८६ ला बोस्टनमध्ये कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर तिचा निरोप समारंभ झाला. वय ७९. तेव्हा ती नौदलाच्या सेवेतली सर्वांत वयस्क अधिकारी होती. घरी बसली का? नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाली. १ जानेवारी १९९२ ला ती गेली, तेव्हा ८५ वर्षांची होती. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत तिला लष्करी मानवंदनेसह निरोप दिला. पुढं एका विनाशिकेला तिचं नाव दिलं गेलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मानही मरणोत्तर मिळाला.

कॅम्पसला येणाऱ्या कंपनीनं उद्या तुम्हाला डेव्हलपरऐवजी टेस्टर म्हणून घेतलं, तर घरचे जरा हिरमुसतील, मित्र चिडवतील. तुम्हालाही वाटेल, आपण मागं पडलो. तेव्हा आठवा, की जिनं कम्पायलर बनवला, तिनं आयुष्यातला पुढचा मोठा काळ कम्पायलर तपासायला दिला. कारण शब्द सगळेच देतात, तो खरा की खोटा हे कुणीतरी चालवून बघावं लागतं, आणि जे दिसलं ते सगळ्यांना वाचता येईल अशा जागी ठेवावं लागतं. त्यात लाल ओळीही ठेवाव्या लागतात. प्रोजेक्ट रिपोर्टसाठी फक्त हिरवा स्क्रीनशॉट निवडायचा मोह तुम्हालाही होतो, खरं की नाही? निकाल थेट सर्व्हरवर जायला लागला की निवडायची सोयच राहत नाही. जोडणीचा हा फायदा कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेला नसतो.

तेव्हा आज रात्री नवीन टेस्ट लिहू नका. असलेल्या दोनशे सर्व्हरला जोडा. त्या दोन लाल टेस्टना नाव, वेळ, जागा आणि पुरावा मिळू द्या. आणि उद्या गाइडना स्क्रीनशॉट नको, लिंक पाठवा.